तिच्या नावाचे तीन थेंब

१

गाडीत किशोरीच्या शेजारची जागा माझी होती. कुणी ठरवून दिलेली नव्हती, पण आठवीपासून तसंच चालत आलं होतं. शाळेच्या सहलीची एसटी असो, कॉलेजला जाणारी सहा आसनी रिक्षा असो, नाहीतर तिच्या चुलतभावाची, कल्पेशची गाडी असो. त्या रविवारी सकाळी आठ वाजता मी मागचं दार उघडलं तर तिथे मनस्वी बसलेली. मांडीवर किशोरीची पर्स.

"सुमी, तू पुढे बस ना," किशोरी म्हणाली. "मागे बसलीस की तुला गाडी लागते."

मला गाडी लागते हे खरं आहे. बारा वर्षांत किशोरीला ते पहिल्यांदाच आठवलं, हेही खरं आहे.

मी पुढे बसले. कल्पेशने आरसा सारखा केला आणि त्यात मला त्या दोघी दिसायला लागल्या.

मनस्वी आठ महिन्यांपूर्वी किशोरीच्या ऑफिसात लागली. जासईच्या एका कंटेनर डेपोत दोघी कागदपत्रांचं काम बघायच्या. ती मूळची साताऱ्याची, नवीन पनवेलला पीजीत राहणारी. तिच्यात वाईट असं काही नव्हतं, आणि त्याचाच मला जास्त त्रास व्हायचा. ती माझ्याशी गोड बोलायची, माझ्या वाढदिवसाला केकसुद्धा तिनेच आणला होता, आणि तो किशोरीच्या आवडीचा होता.

खांदा कॉलनीत दोन बेडरूमचा फ्लॅट मी आणि किशोरी दोन वर्षं शोधत होतो. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरी करते, माझं माझं भागवते. तरी आमच्या घरात मी कधी झोपायचं, कधी उठायचं, कुठल्या रंगाचा ड्रेस घालायचा, यावर पाच मोठ्या माणसांची बैठक बसते. एकाच गावात घर असताना पोरीला वेगळी खोली कशाला, यावर तर तीन बैठका झाल्या होत्या. मी सगळ्यांशी भांडत होते, फक्त थोडा वेळ हवा होता. आणि मागच्या आठवड्यात किशोरीने फोनवर सहज सांगितलं की फ्लॅट मिळाला, पण ती मनस्वीबरोबर राहणार आहे. तुझ्या घरचे काही सोडणार नाहीत, म्हणाली, आणि मनस्वीचा पीजी सुटतोय. करारावर सही बुधवारी.

म्हणजे माझ्याकडे हा एक रविवार होता. किशोरीचं मन फिरवायचं तर आजच.

२

बेत कल्पेशचा. कर्जतच्या बाजूला फळांच्या वाइन बनवणाऱ्या तीन लहान वायनरी निघाल्या होत्या. जांभूळ, करवंद, मध असलं काहीबाही. तिन्ही ठिकाणी चव घ्यायची, जेवायचं, उजेड आहे तोवर परत यायचं. कावीळ झाल्यापासून कल्पेश स्वतः दारूला शिवत नाही, त्यामुळे गाडीची काळजी नव्हती.

पहिली वायनरी म्हणजे पत्र्याची एक लांब शेड, आत स्टीलच्या टाक्या, बाहेर लाल मातीचं अंगण आणि आंब्याखाली चार टेबलं. आत आंबल्याचा वास. माझ्या ओळखीचा, यीस्टवर मी कॉलेजात प्रोजेक्ट केला होता. मी ते सांगायला लागले, तेवढ्यात मनस्वीने तिथल्या बाईंना काहीतरी भाबडा प्रश्न विचारला आणि सगळे तिच्याकडे वळले.

जांभळाच्या वाइनचे तीन ग्लास आले. किशोरीने ओठाला लावायच्या आधी ग्लासात बोट बुडवलं, तीन थेंब जमिनीवर सोडले आणि पुटपुटली, "भाऊबाबा." तिचे आजोबा.

आमच्याकडे हे असतं. हळद असो, लग्न असो, कुठेही पेला हातात आला की पहिले थेंब गेलेल्यांचे. त्यांचं नाव घ्यायचं आणि जमिनीवर सोडायचे. माझी आजी, भीमाबाई, तर कोल्ड्रिंकच्या ग्लासातूनही सोडायला लावते. लहानपणी मी ग्लास हातात धरून तिच्या तोंडून अकरा मेलेल्या माणसांची नावं ऐकत बसायचे, तोवर त्यातला गॅस निघून जायचा.

मनस्वीला हे नवीन होतं. तिने विचारलं, किशोरीने सांगितलं. मी आजवर किशोरीला असं समजावून सांगताना ऐकलं नव्हतं, इतकं हळू, इतकं मायेनं. मनस्वी म्हणाली, मीही माझ्या नानांसाठी सोडू का? आणि किशोरीने तिचं बोट धरून ग्लासात बुडवलं. एवढंसं ते काम. त्याला दुसऱ्याचा हात कशाला लागतो?

"सुमी, तू?" किशोरीने विचारलं. तिचा हात अजून मनस्वीच्या हातावर होता.

मी असल्या गोष्टी मानत नाही. मानत नाही म्हणूनच केलं, असं मी नंतर स्वतःला पुष्कळदा सांगितलं. बोट बुडवलं, खाली वाकले आणि तीन थेंब सोडले. ओठातल्या ओठात म्हणाले, "मनस्वी."

त्या दोघींच्या थेंबांचे मातीवर काळे ठिपके उठले होते. माझे तीन थेंब पडले आणि लगेच दिसेनासे झाले. माती कोरडी होती. दुसरं काय असणार?

३

दुसऱ्या ठिकाणी पोचलो तेव्हा साडेअकरा झाले होते. एका निवृत्त गृहस्थाचा बंगला आणि मागे पोल्ट्रीच्या जुन्या जागेत त्याची वायनरी. व्हरांड्यात लाकडी टेबल, त्यावर उरलेली वाइन ओतून टाकायला स्टीलची बादली. त्याने मधाच्या वाइनची बाटली उघडली आणि दोन ग्लास ठेवले.

"काका, अजून एक," मनस्वी म्हणाली.

त्याने ऐकलं नाही. माझ्या ग्लासात ओतली, किशोरीच्या ग्लासात ओतली, बूच लावलं आणि मधमाश्यांच्या पेट्यांविषयी बोलायला लागला. मनस्वी पुन्हा बोलली, या वेळी मोठ्यानं. तो तिच्या अंगावरून हात लांबवून बादली सरकवत म्हणाला की नाही आवडली तर यात टाका, संकोच करू नका.

खरं सांगते, मला बरं वाटलं. आयुष्यात एकदा तरी कुणीतरी या मुलीकडे पाहिलं नाही. म्हातारा आखडू आहे असं म्हणून मी सोडून दिलं. किशोरी काहीच बोलली नाही, याचं मात्र मला नवल वाटलं. एरवी मनस्वीला पाणी यायला उशीर झाला तरी ती वेटरला हाक मारते.

मग किशोरीने बोट ग्लासात बुडवलं. या वेळी ती खाली बसली, अगदी उकिडवी, आणि व्हरांड्याच्या कडेला मातीत एकेक करून तीन थेंब सोडले.

"मनस्वी," ती म्हणाली.

कल्पेशने डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

मनस्वी हसली. अगं, मी इथे आहे, काय नाटक लावलंय, असं म्हणून तिने किशोरीच्या खांद्यावर थाप मारली. किशोरी उठली. तिचे डोळे भरले होते. त्या गृहस्थाने हळूच विचारलं, कोण होती? किशोरी म्हणाली, मैत्रीण. आम्ही तिघी येणार होतो इथे. तिनेच ही जागा शोधून काढली होती.

मनस्वीचं हसू अजून तोंडावरच होतं. ते कुठे ठेवावं हे तिला कळत नव्हतं. तिने माझ्याकडे पाहिलं.

मीही तिच्याकडे पाहिलं. तेव्हाच तिला कळलं असणार की मी पाहू शकते.

४

मी हिशोब केला. तीस-तीस मिलीचे दोन ग्लास, अकरा टक्के अल्कोहोल, पोटात सकाळचे दोन वडापाव. एवढ्याने माणसाला भास होत नाहीत. म्हणजे ही थट्टा होती. मी जळते हे किशोरीला माहीत होतं, कल्पेशलाही. तिघांनी मिळून ठरवलं असणार, सुमीला जरा धडा शिकवू. तो म्हातारासुद्धा कल्पेशच्या ओळखीचा निघेल.

किशोरी हात धुवायला आत गेली, तशी मी मागे गेले. बेसिनपाशी उभी राहून तिला म्हणाले की बास झालं आता. मनस्वी बाहेर एकटी उभी आहे, तिचा चेहरा बघ, तिलाही हे आवडत नाहीये.

नळ वाहत राहिला. किशोरीने आरशातूनच माझ्याकडे पाहिलं. थट्टा करताना किशोरीच्या नाकपुड्या हलतात. बारा वर्षांत एकदाही तिला ते लपवता आलेलं नाही. त्या हलत नव्हत्या.

"तुला ती कधीच आवडली नाही," ती म्हणाली. "निदान आता तरी सोड ना गं तिला."

ती बाहेर गेली. मी नळ बंद केला. दारात मनस्वी उभी होती, आणि तिने सगळं ऐकलं होतं.

५

गाडीशी आल्यावर किशोरी मला म्हणाली, मागे ये, माझ्याजवळ बस. सकाळपासून मी ज्याची वाट बघत होते ते हे वाक्य. मी दार उघडून आत सरकायला लागले, तर तिने मधल्या जागेवर तळहात ठेवला. इथे नको, म्हणाली. इथे ती बसायची.

मी खिडकीशी बसले. कल्पेशने गाडी सुरू केली. मनस्वी बाहेरच होती, काचेवर बोटं टेकवून उभी. मी दार उघडलं नसतं तर ती तिथेच राहिली असती. हा विचार माझ्या मनात आला, मी तो नाकारत नाही. पण मी दार उघडलं, पाय बाजूला घेतले, आणि ती माझ्या गुडघ्यांवरून जाऊन मधे बसली. तिच्या अंगात जाड जीन्स होती. तरी कापड घासल्यासारखं काहीच जाणवलं नाही. फ्रीजचं दार उघडल्यावर पायांना लागतो तसा गारवा तेवढा लागला.

पुढचा अर्धा तास किशोरी तिच्याविषयी बोलत होती. मनस्वी कशी हसायची, मनस्वीने तिला ऑफिसात पहिल्या दिवशी डबा कसा दिला, मनस्वीसारखं ऐकून घेणारं माणूस पुन्हा भेटणार नाही. आठ महिन्यांत झालेली दोन भांडणं ती विसरली होती. मनस्वीचा उशिरा येण्याचा चाळा, दुसऱ्याचे कपडे मागण्याची सवय, सगळं धुऊन निघालं होतं. कल्पेश मान हलवत होता.

आणि मी तिथे बसून जळत होते. जिवंत माणसाशी निदान बरोबरी तरी करता येते. ते चुकतं, कंटाळवाणं होतं, एखाद्या दिवशी वाईट दिसतं. या नव्या मनस्वीशी मी काय करून बरोबरी करणार होते?

"सुमती," जिवंत मनस्वी माझ्या कानाशी म्हणाली, "तू ऐकतेस ना? मला माहितेय, तू ऐकतेस."

मी खिडकीबाहेर बघत राहिले.

६

तिसऱ्या वायनरीच्या फाटकाशी रेंज आली. बाकीचे पुढे गेले आणि मी घरी फोन लावला. ही थट्टा माझ्या घरापर्यंत पोचलेली असणं शक्यच नव्हतं. आमच्या घरात कुणालाच थट्टा कळत नाही. आई देवळात गेली होती, फोन आजीने उचलला. मी सरळ विचारलं, आजी, मनस्वी तुला माहितेय ना, माझी ती मैत्रीण?

आजी म्हणाली की पोर गुणाची होती, तिच्या आईला भेटलीस का, एकदा साताऱ्याला जाऊन ये.

"आजी, तुला कुणी सांगितलं हे?"

"तूच ना सांगितलंस. त्या दिवशी माझ्या मांडीवर डोका ठेवून किती रडलीस. आता परत काय इचारतंस?"

मी आजीच्या मांडीवर डोकं ठेवलं त्याला पंधरा वर्षं झाली असतील. आणि मनस्वीसाठी मी रडेन? एरवी मी आजीला अर्ध्यातच तोडते, तुला काही कळत नाही म्हणून फोन ठेवते. त्या दिवशी ती ठेवेल की काय, याची मला भीती वाटली. मी विचारलं, समज, कुणी जिवंत माणसाच्या नावाने थेंब सोडले तर?

तिकडे पंख्याचा आवाज येत होता.

"असा कोन करंल, बाय?" आजी म्हणाली.

मी वाट पाहिली. काहीतरी उपाय, काहीतरी उतारा, नारळ, लिंबू, जे मला ऐकायचाही कंटाळा येतो ते काहीही. तिच्याकडे यावर काही नव्हतं. इतक्या वर्षांत कुणी विचारलेलंच नव्हतं. शेवटी तिने विचारलं, जेवलीस का, आणि फोन ठेवला.

७

तिथे जेवायची सोय होती. पाठीमागे करवंदीच्या जाळ्या लावलेल्या, त्यांच्या रांगांमध्ये लाल पायवाटा. किशोरीने वाइन घेतली नाही. ती पायवाटेच्या तोंडाशी बाकावर बसली होती. मी तिच्याकडे निघाले, तशी मनस्वी आडवी आली.

एवढ्या वेळात ती बदलली होती. कशी, ते मला सांगता येत नाही. दुपारचं ऊन तिच्या चेहऱ्यावर पडत होतं, पण डोळे बारीक होत नव्हते. तिने मला सांगितलं की ती आईला फोन लावतेय, आई उचलते, हॅलो हॅलो म्हणते आणि ठेवते. तीन वेळा झालं. मग तिने विचारलं, सकाळी ते थेंब सोडताना तू कुणाचं नाव घेतलंस?

"आजोबांचं," मी म्हणाले.

तिने ते मान्य केलं. विश्वास ठेवला की नाही, माहीत नाही. ती म्हणाली, "एकच कर. तिला सांग की मी इथे आहे. तुझं ती ऐकेल."

हो, ऐकलं असतं. किशोरी आधी चिडली असती, मग रडली असती, आणि मग मनस्वीला आणि तिला दोघींनाच माहीत असलेलं काहीतरी मी मनस्वीकडून विचारून तिला सांगितलं असतं, की तिला पटलंच असतं. मी ते करायला निघाले होते, हे मला लिहून ठेवायचंय. मी बाकावर जाऊन बसले, तोंड उघडलं, म्हणाले, किशोरी, मला तुला एक सांगायचंय.

"आधी मी सांगू?" ती म्हणाली. तिने माझा हात घेतला. दोन्ही हातांत धरला. "तो फ्लॅट मी सोडणार होते. तिच्याशिवाय तिथे कशी राहू? पण तू येशील का? दुसऱ्या कुणाबरोबर मला जमणारच नाही, सुमी. तू आलीस तर घेते."

मनस्वी आमच्यासमोर पायवाटेवर उभी होती. ती वाट बघत होती. तिच्यामागे जाळ्यांच्या रांगा डोंगरापर्यंत गेल्या होत्या आणि त्या रांगांमध्ये, फार लांब नाही, आणखी कुणीकुणी उभं असल्यासारखं मला वाटलं. माणसांच्या उंचीचं, हलत नसलेलं. बुजगावणी असतील. मी नीट पाहिलं नाही.

"येईन," मी किशोरीला म्हणाले. "घरी मी भांडते."

"आणि तू काय सांगत होतीस?"

"हेच," मी म्हणाले.

८

परत येताना मनस्वी नवीन पनवेलला तिच्या पीजीशी उतरली. सिग्नलला गाडी थांबली, मी दार उघडलं, कल्पेशने विचारलं काय झालं, मी म्हणाले ओढणी अडकली होती. ती फुटपाथवर उभी राहिली. सहा वाजले होते, लोक भाजी घेऊन चालले होते आणि तिला धक्का न लावता दोन्ही बाजूंनी जात होते, खांबाच्या बाजूने जावं तसे. मला वाटलं, संपलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला मी लॅब उघडली. उपाशीपोटी साखर तपासायला येणाऱ्यांची रांग लागते. बारा खुर्च्या आहेत आणि सोमवारी पंधरा माणसं असतात. चार माणसं उभी होती. एक खुर्ची मोकळी होती आणि तिच्यावर कुणी बसत नव्हतं. मी नाव पुकारायला मान वर केली तर तिथे मनस्वी बसलेली, हात मांडीवर, रविवारचेच कपडे. ती इतर माणसांसारखीच मी कधी बोलावते याची वाट बघत होती.

मी पुढचं नाव पुकारलं.

तेव्हापासून ती माझ्याबरोबर असते. किशोरीकडे ती आपण होऊन जात नाही. मी जिथे तिथे ती. ती त्रास देत नाही. रोज एकदा, बहुतेक दुपारी, ती तेच सांगते: तिला सांग मी इथे आहे. पहिले काही दिवस ती रडायची. आता नुसतं सांगते, औषधाची आठवण करून द्यावी तसं.

घरी मी भांडले. गंमत म्हणजे कुणी फारसं अडवलं नाही. काका म्हणाले, ती किशोरी एकटी पडलीय, जाऊ दे. आजी मात्र मी बॅग भरत असताना दारात बसून होती. माझ्या बाजूच्या मोकळ्या जागेकडे तिने दोनदा पाहिलं, आणि मग डोक्यावरचा पदर पुढे ओढून घेतला.

९

फ्लॅट चांगला आहे. तिसरा मजला, हवा खेळती, बाल्कनीतून रेल्वेचे रूळ दिसतात. दोन बेडरूम आहेत. एक किशोरीची. दुसरी तिने मनस्वीची म्हणून ठेवलीय. तिथे पलंग आहे, नवी चादर आहे, खिडकीत कुंडी आहे. मी हॉलमध्ये गादी टाकून झोपते. काही दिवसांनी काढू ते सगळं, असं किशोरी म्हणाली होती. त्याला पाच महिने झाले.

संध्याकाळी ती कधीकधी त्या खोलीत जाऊन बसते आणि पलंगाकडे तोंड करून बोलते. दिवस कसा गेला, साहेब काय म्हणाला. मी हॉलमध्ये असते, म्हणून मनस्वीही हॉलमध्ये असते, माझ्या गादीच्या कडेला. आम्ही दोघी ऐकतो. जे ती मला कधीच सांगत नाही ते सगळं मला असं ऐकायला मिळतं. एकदा किशोरी पलंगाला म्हणाली, सुमी चांगली आहे गं, पण तुझ्यासारखं तिच्याशी बोलता येत नाही. मनस्वीने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तिने पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

मी सांगत नाही. सांगितलं तर काय होईल ते मला ठाऊक आहे. किशोरी मला विचारत राहील, ती आत्ता कुठे आहे, काय म्हणतेय, हसतेय का. माझ्या तोंडाने ती दिवसभर तिच्याशी बोलेल. मी त्यांच्या दोघींमधला फोन होईन.

परवाचा रविवार. दुपारी जेवणं झाली. किशोरीचं डोकं दुखत होतं, म्हणून ती केस मोकळे सोडून हॉलमध्ये जमिनीवर बसली, भिंतीकडे तोंड करून. खोबरेल तेलाची वाटी बाजूला ठेवली आणि मला हाक मारली, जरा डोक्यावर तेल घाल ना. मी म्हटलं, भांडी झाली की येते. खरं तर मला घाई होती. कितीतरी महिन्यांनी तिने माझ्याकडे काहीतरी मागितलं होतं. मी भांडी विसळली, दोघींचा चहा गाळला, कप घेऊन दाराशी आले.

मनस्वी तिच्या मागे बसली होती.

ती माझ्यापासून इतकी लांब कधीच गेली नव्हती. तिने किशोरीचे केस दोन बाजूंना केले होते. मधला भांग सरळ, पांढरा, मानेपर्यंत उघडा पडला होता. वाटीतलं तेल कमी झालं होतं. केस थोडे उचलले जात होते, सुटत होते, पुन्हा उचलले जात होते. मनस्वीची बोटं मला नीट दिसली नाहीत. जिथे बोटं असायला हवीत तिथे मी एकदाच पाहिलं आणि पुन्हा पाहिलं नाही.

किशोरीने डोळे मिटले होते. मान मागे टाकलेली. इतकं शांत मी तिला त्या घरात कधी पाहिलं नव्हतं.

"सुमी," ती म्हणाली, "तुझे हात किती गार आहेत गं."

मनस्वीने मान वळवली आणि माझ्याकडे पाहिलं. या वेळी ती काही मागत नव्हती. आता मी काय बोलते, एवढंच तिला बघायचं होतं.

"आत्ताच भांडी घासली ना," मी म्हणाले.

"असू दे," किशोरी म्हणाली. "बरं वाटतंय. थांबू नकोस."

मी दारातच उभी राहिले. कप बशीवर वाजू नयेत म्हणून दोन्ही छातीशी धरले. चहा निवत गेला, त्यावर साय धरली, तरी मी हलले नाही, आणि ते हात थांबेपर्यंत श्वाससुद्धा मी हळूच घेतला.